पिकअप ८० नं पळवली की ॲव्हरेज का पडतो, अन् ६५ नं खरंच किती वाचतं

अंबडच्या एका भावानं विचारलंय की त्याच्याकडं २०२१ ची बोलेरो पिकअप आहे, जालना, संभाजीनगर, बीड अशी भाडी मारतो, गाडी लिटरला ११ किलोमीटरच्या वर ॲव्हरेजच देईना. मेव्हणा म्हणतो ६० नं चालव, १५ देईल. गॅरेजवाला म्हणतो नोझल, म्हणजे इंजिनात डिझेल फवारतात ते, खोलावे लागतील. तिसरा एकजण म्हणतो स्पीड गव्हर्नरची, म्हणजे गाडीला ८० च्या वर जाऊ न देणाऱ्या लिमिटरची, वायर काढ, गाडी मोकळी होईल. अन् शेवटी विचारलंय की समृद्धी महामार्गावरनं गेलं तर फरक पडतो का.

मी बीडचा, २२ वर्षं झाली या धंद्यात, आधी दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर होतो, आता घरच्या तीन पिकअप आहेत, त्यातली एक अजून मीच चालवतो. डिझेलची वही पहिल्यापासून ठेवतो, तारीख, किलोमीटर, लिटर, माल काय होता ते सगळं. त्यामुळं जे सांगतोय ते बघून सांगतोय.

थोडक्यात सांगायचं तर मेव्हण्याचं बरंचसं बरोबर आहे, १५ चा आकडा मात्र जरा जास्तच झाला. गॅरेजवाल्याचं बरोबर असू शकतं पण ते सगळ्यात शेवटी बघायचं. अन् गव्हर्नरवाल्याचं अजिबात ऐकू नका, ते खाली सांगतो का ते.

आता बघा, सपाट रोडवर गाडी एका स्पीडला चालली की इंजिनला दोनच गोष्टींशी भांडावं लागतं. एक टायर, म्हणजे टायर रोडवर दबतो अन् सुटतो त्यात जी ताकद जाते ती. दुसरी हवा. टायरचं कसंय की तुम्ही ५० नं जा नाहीतर ८० नं जा, एका किलोमीटरमागं टायर जवळपास तेवढंच खातो, त्याला वजनाचा फरक पडतो, स्पीडचा फार नाही. हवेचं उलटं. कधी गोदावरीत कमरेइतक्या पाण्यात चालला असाल तर आठवा, हळूहळू चाललं की पाणी वाट देतं, जरा घाई केली की तेच पाणी भिंतीसारखं आडवं येतं, हवेचंही तसंच आहे फक्त ती दिसत नाही. हिशोब असा की स्पीड जितक्या पटीनं वाढतो त्याच्या वर्गाच्या पटीनं हवेचा विरोध वाढतो. ६० चे ८० केले म्हणजे स्पीड सव्वापटीपेक्षा थोडा जास्त वाढला, पण हवेचा विरोध पावणेदोन पटीच्या वर गेला. ६० चे १०० केले तर तोच विरोध पावणेतीन पट. अन् ही एका किलोमीटरची गोष्ट झाली, तेवढेच किलोमीटर कमी वेळात कापायचे म्हणून इंजिनला जी ताकद लावावी लागते ती तर घनाच्या पटीनं वाढते, म्हणून ८० च्या पुढं पिकअप ओरडायला लागते अन् ॲक्सिलेटर दाबला तरी पुढं सरकंना.

कारमध्ये हे एवढं जाणवत नाही कारण कार पुढून निमुळती असते. आपली पिकअप म्हणजे पुढून सरळ उभी, मग केबिन, मग केबिन अन् हौद्यामध्ये फट, मग हौद्याची पुढची जाळी, अन् त्याच्यावर आपण माल रचतो तो केबिनच्याही वर. भरलेली पिकअप धरली तर माझ्या हिशोबानं ६० च्या आसपास टायर अन् हवा दोघं जवळजवळ सारखंच डिझेल खातात, तिथून पुढं हवा टायरला मागं टाकते. म्हणून ६० पर्यंत स्पीडचा फरक वहीत फारसा दिसत नाही अन् ७० नंतर एकदम दिसायला लागतो.

आता माझ्या वहीतलं सांगतो. मागं वर्षभर माझ्या एका गाडीला बीड ते वाळूज एमआयडीसी असं ठरलेलं भाडं होतं, जाताना रिकामे क्रेट, येताना साधारण १२०० किलो माल, दर खेपेला तोच माल, तोच ड्रायव्हर म्हणजे मी, तोच रोड, धुळे-सोलापूर हायवे, एका बाजूनं १३० किलोमीटरच्या आसपास. असा सारखा माल सारखा रोड धंद्यात सहसा मिळत नाही, म्हणलं बघूनच घेऊ. चार फेऱ्या ६० ते ६५ नं केल्या, चार ७० ते ७५ नं, चार सरळ ८० नं. दर वेळी त्याच पंपावर, त्याच मशीनला, गाडी त्याच जागी उभी करून टाकी फुल. ६०-६५ ला १४.२ आला, ७०-७५ ला १२.९, ८० ला ११.४. हा माझ्या गाडीचा आकडा झाला, तुमच्या गाडीचा थोडा वरखाली येईल, पण उतरंड अशीच दिसेल.

महिन्याला ५००० किलोमीटर धरा. ११.४ नं ४३८ लिटर लागतं, १४.२ नं ३५२. फरक ८६ लिटरचा. डिझेल ९० रुपये धरलं तरी ७,७०० च्या वर जातं. गाडीचा हप्ता चालू असेल तर त्या हप्त्यातला चांगला मोठा वाटा फक्त पायाच्या दाबानं निघतो, अन् मी माझ्या दोन्ही ड्रायव्हरला हाच हिशोब वहीत दाखवला होता, नुसतं "हळू चालव" म्हणून कुणी ऐकत नाही.

यावर लोक लगेच म्हणतात की वेळ किती जातो. बरोबर आहे, वेळ हा पण पैसाच आहे. कागदावर २६० किलोमीटरला ६२ नं सव्वाचार तास होतात अन् ८० नं सव्वातीन, म्हणजे तासभराचा फरक. पण खरोखर घड्याळ लावून बघितलं तर माझ्या जाऊन-येऊन फेरीत फरक ३५ मिनिटांचा निघाला. कारण ८० नं पळणारी गाडी पण टोलला थांबतेच, गेवराईला अन् शहागडला ट्रॅक्टरच्या मागं अडकतेच, संभाजीनगर जवळ आलं की सगळे एकाच रांगेत. अन् ज्यानं ८० नं मारली तो दमून चहाला जास्त वेळ बसतो हे पण मी कितीदा बघितलंय. तरी ज्याचा माल वेळेचा आहे, म्हणजे कोथिंबीर, मेथी, टमाटे पहाटेच्या लिलावाला पोचवायचे आहेत त्यानं ७५ नं जावं, तिथं ३५ मिनिटात शेतकऱ्याचा भाव पडू शकतो अन् त्या भावापुढं डिझेल काहीच नाही. सिमेंट, खत, मोंढ्यातलं, म्हणजे धान्याच्या बाजारातलं सोयाबीन, तूर, असला माल अर्ध्या तासानं शिळा होत नाही.

मग कुणी म्हणेल ६० नं १४ देते तर ४० नं अजून जास्त देईल. नाही देत. या इंजिनला, २५२३ सीसीच्या डिझेलला, ताकद खालच्याच आरपीएमला मिळते, साधारण १४०० ते २२०० च्या पट्ट्यात. ४० ला टॉप गिअर टाकला तर इंजिन दबतं, गाडी थरथरायला लागते, मग तुम्ही ॲक्सिलेटर जास्त दाबता, किंवा चौथा टाकता अन् चौथ्यात तेवढ्याच किलोमीटरला इंजिन जास्त फिरतं. म्हणून टॉप गिअरमध्ये गाडी निवांत, थरथर न करता ओढते तो जो सगळ्यात कमी स्पीड, तिथून पुढं दहा-एक किलोमीटर, तो खरा चांगला पट्टा. माझ्या गाड्यांना तो ५५ ते ६५ आहे. तुमच्या गाडीचा तुम्ही कानानं शोधा, काट्यापेक्षा कान लवकर सांगतो. अन् काट्यावरनं आठवलं, स्पीडोमीटर बहुतेक गाड्यांचा खऱ्यापेक्षा थोडा जास्तच दाखवतो, मोबाईलवर जीपीएस लावून एकदा बघून घ्या, काटा ६५ दाखवत असेल तर खरा स्पीड बऱ्याचदा ६१-६२ निघतो. टायरची साईज बदलली असेल तर स्पीड अन् किलोमीटर दोन्ही चुकतात, मग ॲव्हरेजचा आकडाही चुकीचाच निघणार.

आता मालाचं सांगतो कारण इथं लई जणांचा गैरसमज आहे. सगळे म्हणतात वजन जास्त तर ॲव्हरेज कमी. घाटात अन् गावातल्या थांबा-चला मध्ये हे खरं आहे. पण सपाट हायवेवर उंची वजनापेक्षा जास्त मारते. मी एकदा जालन्याहून सिमेंटच्या ३० गोण्या आणल्या, म्हणजे १५०० किलो, हौद्याच्या फाळक्याच्या, म्हणजे कडेच्या उघडत्या फळीच्या, वर काहीच नाही, ७० च्या आसपास चालवली, १२.८ आला. त्याच महिन्यात केजकडनं कडबा आणला, वजन असेल सातशे-साडेसातशे किलो, निम्मं, पण रचलेला केबिनच्या वर चार फूट अन् दोन्ही बाजूनं बाहेर आलेला. स्पीड तोच. १०.३ आला. पहिल्यांदा मला वाटलं मीच लिटर चुकीचं लिहिलं, पंपाची पावती काढून बघितली तर बरोबर होतं. त्या दिवशी आरशातनं बघत होतो, कडब्याच्या पुढच्या पेंढ्या सगळ्या मागं झुकलेल्या, पानं ताठ होऊन फडफडत होती, बडवायलेत असा आवाज, अन् तो सगळा जोर माझ्याच इंजिनातनं जात होता. तेव्हापासून कडबा, कापूस, कोंबड्यांच्या जाळ्या, रिकामे क्रेट उंच रचलेले, असलं काही असलं की ५५-६० च्या वर जात नाही, कारण तिथं प्रत्येक पाच किलोमीटरच्या स्पीडला दुप्पट दंड बसतो.

ताडपत्रीचं पण तसंच आहे. ढिली ताडपत्री फुग्यासारखी फुगते अन् मागं ओढते. पुढच्या बाजूनं, केबिनकडनं, ताडपत्री आधी मालाच्या खाली खोचायची मग वरनं घ्यायची, म्हणजे हवा आत शिरत नाही. दोर आडवे तीन अन् तिरके दोन. पाच मिनिटं जास्त लागतात. क्रेट पण एका जागी उंच रचण्यापेक्षा पूर्ण हौद्यात सपाट पसरून रचा, केबिनच्या उंचीच्या आत राहिले तर केबिनच त्यांच्यासाठी आडोसा होते. वरचं कॅरिअर काही कामाचं नसेल तर काढून ठेवा. अन् रिकामी गाडी असली की मागचा फाळका पाडून चालवायची, हवा आरपार जाते म्हणून ॲव्हरेज वाढतो असं जे म्हणतात, त्यात काही तथ्य नाही. फाळका बंद असला की हौद्यात हवेचा एक भोवरा तयार होऊन तिथंच फिरत राहतो, वरची हवा त्याच्यावरनं घसरून जाते. फाळका पाडला की तो भोवरा मोडतो, फायदा काही दिसत नाही, उलट फाळका आपटून बिजागऱ्या जातात.

वाऱ्याचं कुणी धरतच नाही. आपल्याकडं मृगापासनं श्रावणापर्यंत पश्चिमेचा वारा सुटतो, अन् मांजरसुंब्याचा घाट चढून वर बालाघाटाच्या पठारावर आलं की जो वारा लागतो तो सांगायला नको, पवनचक्क्या तिकडं उगंच लावल्या नाहीत. समोरून २० चा वारा असेल अन् तुम्ही ६० नं जायलात तर गाडीसाठी ते ८० आहे. म्हणून जून-जुलैमध्ये गाडी एका बाजूनं जाताना १० देते अन् येताना १५ देते, अन् माणूस म्हणतो पंपवाल्यानं मारलं. जाऊन-येऊन दोन्हीचा मिळून ॲव्हरेज काढा, एका बाजूचा कधीच काढू नका.

स्पीड जास्त म्हणजे फक्त हवाच जास्त असं नाही, ब्रेकही जास्त. हे माझ्या मते ज्याला ११ मिळतोय त्याच्यासाठी सगळ्यात मोठं कारण असू शकतं. भरलेली गाडी तीन टनाची धरली तर शून्यापासून ८० पर्यंत न्यायला, फक्त स्पीड धरायलाच, जवळपास ७० मिली डिझेल जातं, कटिंग चहाच्या ग्लासात जेवढा चहा असतो तेवढं. ६० पर्यंत न्यायला ४० मिली. आता गावाच्या अलीकडं रंबलर, म्हणजे बारीक पट्ट्यांचा स्पीडब्रेकर, आला, तुम्ही ८० वरनं ब्रेक मारून २० वर आणली, तो ग्लास गरम ब्रेक ड्रममध्ये ओतला, पुढं गेल्यावर पुन्हा नवीन ग्लास भरला. अंबडहून जालन्याला जाईपर्यंत असे किती स्पीडब्रेकर, किती ट्रॅक्टर, किती म्हशी, मोजा एकदा. ६० नं चालणारा माणूस लांबनंच पाय काढतो, गाडी आपोआप ४० वर येते, ब्रेकला पाय लावायची वेळच येत नाही. पाय काढल्यावर गिअर मात्र तसाच राहू द्यायचा. आताच्या इलेक्ट्रॉनिक पंपाच्या इंजिनात गिअरमध्ये असताना ॲक्सिलेटर पूर्ण सोडला की डिझेलच बंद होतं, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रल केली की उलट इंजिन आयडलवर डिझेल पित राहतं. मांजरसुंबा असो की कन्नडचा औट्रम घाट, उतारावर न्यूट्रल कधीच मारू नका, मी हात जोडून सांगतो, भरलेल्या गाडीचे ड्रम तापले की ब्रेक पेडल स्पंजासारखं खाली जातं, अन् मग काही हातात राहत नाही. माझ्या ओळखीचा एक पोरगा असाच गेला, डिझेल वाचवायला न्यूट्रल करत होता.

चढाचा हिशोब वेगळा. चढावर स्पीडपेक्षा वजन खातं, तीन टन गाडी १०० मीटर उंच न्यायला पाव लिटरच्या आसपास डिझेल लागणारच, त्यात कुणाची हुशारी चालत नाही. फक्त एवढं बघा की चढाला लागायच्या आधीच योग्य गिअर असावा, टॉपमध्ये गुदमरून काळा धूर काढत चढवू नका, अन् चढावर दुसऱ्या पिकअपला ओव्हरटेक करायची हौस करू नका.

समृद्धीचं विचारलंय. ७०१ किलोमीटरचा रोड, नागपूर ते शिर्डीचा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, २०२५ च्या जूनमध्ये मुंबईकडचा शेवटचा टप्पा पण उघडला, आपल्या भागात जालना अन् संभाजीनगर जिल्ह्यातनं जातो. ना स्पीडब्रेकर, ना चौक, ना म्हैस. म्हणजे वर जो ग्लासाचा हिशोब सांगितला तो खर्च तिथं जवळपास शून्य. म्हणून समृद्धीवर ६५ नं चालवली तर ॲव्हरेज जुन्या रोडपेक्षा चांगलाच मिळतो, मला एकदा रिकाम्या गाडीला १६ च्या जवळ मिळालाय. पण होतं काय की तिथं कारला १२० ची परवानगी आहे, बाजूनं सूं सूं गाड्या जातात, आपला पाय आपोआप खाली जातो अन् माणूस तासन् तास ८० च्या काट्यावर राहतो, मग रोड चांगला असून ॲव्हरेज ११ च. वर टोल किलोमीटरवर आहे, तो धरूनच भाडं ठरवा. ६५ नं जायचं तर एकदम डावी लेन, मागचे लाईट अन् रिफ्लेक्टर पुसलेले पाहिजेत, रात्री तर पाहिजेतच. सरळ रोडवर झोप येते, तास-दीड तासानं उतरून तोंड धुवा, पण गाडी रोडच्या कडेला उभी करून नाही, पंपावर किंवा ठरलेल्या थांब्यावरच. अन् एप्रिल-मे मध्ये तो सिमेंटचा रोड इतका तापतो की हवा कमी असलेला टायर टिकत नाही.

हवेवरनं सांगतो, टायरमधली. दाराजवळ पट्टी चिकटवलेली असते तिच्यावर पुढच्या-मागच्या टायरची हवा लिहिलेली आहे, भरलेल्या गाडीची वेगळी, तीच ठेवायची अन् गाडी थंड असताना, म्हणजे सकाळी निघताना चेक करायची. गरम टायरला हवा जास्त दिसते, मग पंक्चरवाला काढून टाकतो, अन् दुसऱ्या दिवशी कमी हवेवर गाडी चालते. आठवड्याला एकदा. हे फुकटचं काम आहे अन् सगळ्यात जास्त लोक हेच करत नाहीत.

आता गॅरेजचं. दोन वर्षांखाली माझी एक गाडी १३ वरनं १० वर आली, दोन महिन्यात. एका गॅरेजला नेली, न बघताच म्हणले नोझल गेले, पंप खोलावा लागेल, खर्च १८-२० हजार. मी म्हणलं थांबा. दुसऱ्या दिवशी फेरी मारून आलो, गाडी उभी केली अन् चारी चाकांच्या मधल्या भागाजवळ हाताचा पंजा नेऊन बघितलं, हात लावायचा नाही, जवळ नेला तरी कळतं. तीन चाकं कोमट, मागचं डावं असं की पंजा टेकवेना. जॅकवर उचलून फिरवलं तर चाक हातानं हलेना, ब्रेक धरत होता. व्हील सिलिंडर जाम होता अन् हँडब्रेकची केबल अर्धी ओढलेली राहात होती. बाराशे-पंधराशेत काम झालं, पुढच्या टाकीला १२.८. म्हणून क्रम असा ठेवा: आधी टायरची हवा, मग चाकं मोकळी फिरतात का, मग एअर फिल्टर, आपल्याकडं कच्च्या रोडला अन् ऊसतोडीच्या दिवसात फुफाटा इतका की फिल्टर पुस्तकात लिहिलेल्या किलोमीटरच्या आधीच भरतो, मग अलाइनमेंट, टायर एका बाजूनं झिजायलाय का ते बघा, क्लच घसरतो का ते बघा. एवढं सगळं बघून पण ॲव्हरेज येईना अन् काळा धूर असेल तर नोझल.

गव्हर्नरची वायर काढायचं जे सांगितलंय ते करू नका. मालवाहू गाडीला ८० चं स्पीड लिमिटर हा केंद्राच्या मोटार वाहन नियमातला नियम आहे, ११८ नंबरचा. अन् मालवाहू गाडीची मर्यादाच दुभाजक असलेल्या चारपदरी रोडला ८० अन् बाकी रोडला ६० आहे. गव्हर्नर ८० च्या खाली काहीच अडवत नाही, तो फक्त वर जाऊ देत नाही. म्हणजे तो काढून तुम्हाला मिळणार काय, तर ९० चा स्पीड, जिथं ॲव्हरेज १० च्या पण खाली जातो. पासिंगला अडचण, अपघात झाला तर विम्याला अडचण. ८० च्या खालीच गाडी अडखळत असेल तर लिमिटर खराब आहे, तो दुरुस्त करून घ्या, काढू नका.

एसीवाली गाडी असेल तर एसी खातो, पण उन्हाळ्यात ड्रायव्हर शांत राहिला तर पाय पण शांत राहतो, त्यामुळं मी त्यावर कुणाला बोलत नाही. उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवून मोंढ्यात वजनकाट्याच्या रांगेत बसू नका मात्र, तासाला अर्धा लिटरच्या वरच जातं.

तर तुम्ही असं करा. उद्या सकाळी गाडी थंड असताना हवा भरा. तुमच्या नेहमीच्या पंपावर नोझल आपोआप कट झालं की तिथंच थांबवा, वरनं गोल आकडा करायला अजून ओतायला लावू नका, त्यानंच सगळा हिशोब चुकतो. ट्रिप मीटर शून्य करा. एक टाकी काटा ६५ च्या वर जाऊ देऊ नका, ओव्हरटेकला गेला तर गेला, लगेच खाली आणा. दुसरी टाकी तुम्ही नेहमी चालवता तशी चालवा, म्हणजे ८० च्या आसपास. दोन्ही वेळेला माल शक्यतो सारखा, पंप तोच, गाडी त्याच जागेवर उभी. दोन्हीत दोनच्या वर फरक आला तर गाडी ठीक आहे, पायाचा प्रश्न आहे. ६५ ला पण ११ च आला तर चाकापासून सुरू करा, वर सांगितलं तसं. आकडे आले की मला कळवा, फक्त माल कोणता होता, किती उंच रचला होता अन् वारा कुठून होता ते पण सांगा, नाहीतर मला काही सांगता येणार नाही.